चाकांवरच्या घरातून इंदूरला

आपल्या गावांतून इंदूरला जाणे आता नवलाचे राहिलेले नाही. संध्याकाळी आगगाडीत बसावे आणि सकाळी माळव्याच्या पठारावर डोळे उघडावेत, इतका तो प्रवास सुलभ झाला आहे. परंतु हा सुलभपणा धडधाकट माणसापुरता आहे. ज्याचे गुडघे डब्याची पायरी चढू देत नाहीत, ज्याला दर दोन तासांनी लघवीस जावे लागते, ज्याला जेवणाच्या वेळेशी सुईची वेळ जुळवावी लागते, त्याला तीच एक रात्र डोंगराएवढी वाटते. अशी माणसे आज जवळपास प्रत्येक घरात आहेत. त्यांना घरी ठेवून आपण फिरावयास जातो, आणि तेही काही बोलत नाहीत.

आमच्या मातोश्रींचे वय ७६. मधुमेह वीस वर्षांचा, रक्तदाब त्याहून जुना. त्यांची थोरली बहीण, म्हणजे आमच्या मावशी, तरुणपणी संन्यस्त जीवन पत्करून इंदूरला गेल्या आणि माळवा व निमाड येथील खेड्यांतून परिचारिकेचे काम करीत तेथल्याच झाल्या. त्या आता ८१ वर्षांच्या असून अंथरुणाला खिळल्या आहेत. दोघी बहिणींची भेट होऊन अकरा वर्षे लोटली होती. यंदा पत्र आले, त्यातले अक्षर मावशींचे नव्हते. दुसऱ्या कोणी तरी लिहून दिले होते. मातोश्रींनी ते दोनदा वाचून घेतले आणि म्हणाल्या, "मला एकदा तिच्यापाशी न्या." डॉक्टरांनी नकार दिला नाही, मात्र वेळा चुकवायच्या नाहीत आणि पाय लोंबते ठेवून तासन् तास बसायचे नाही, अशी ताकीद दिली. तेव्हा आम्ही भाड्याने एक कॅराव्हॅन ठरविली.

कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचे घर. लहानशा बसच्या पोटात दोन बिछाने, एक ओटा, छोटे शीतकपाट, पाण्याची टाकी आणि पडद्याआड संडास. परदेशात अशी वाहने पुष्कळ; आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून ती अधूनमधून दृष्टीस पडू लागली आहेत. मात्र इंदूरला ही कल्पना आपण समजतो तितकी नवी नाही. तेथील महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० नंतर माणिकबाग राजवाडा बांधविला, तो एकार्ट म्यूथेझियस नावाच्या तरुण जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून. त्याच कलावंताने महाराजांसाठी आगगाडीचा खास डबा सजविला आणि शिकारीच्या मुक्कामासाठी एका कॅराव्हॅनचीही योजना केली. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी इंदूरच्या राजाला जे चाकांवरचे घर हवेसे वाटले, त्याचाच गरीब भाऊबंद घेऊन आम्ही इंदूरला निघालो होतो!

निघण्यापूर्वीची तयारी ही प्रवासाची अर्धी वाट होय, आणि ती माझ्या पुतणीने पार पाडली. ती मुंबईच्या एका इस्पितळात परिचारिका आहे. तिने प्रथम एक वही केली. पहिल्या पानावर आजीचे नाव, वय, आजार, कोणते औषध सोसत नाही ते, आणि घरच्या डॉक्टरांचा दूरध्वनी. दुसऱ्या पानावर औषधांची नावे. परंतु ती दुकानदाराच्या तोंडची नव्हेत, तर औषधातील मूळ द्रव्याची. ह्याचे कारण ध्यानात घेण्यासारखे आहे. एकच औषध निरनिराळ्या कंपन्या निरनिराळ्या नावांनी विकतात. वसईतील पेटीवरचे नाव सेंधव्याच्या दुकानदाराने ऐकलेले असेलच असे नाही. मूळ नाव सांगितले तर तो हवे ते काढून देतो आणि जनऔषधी केंद्रात तर ह्या मूळ नावानेच औषध मिळते. गोळ्या तिने दोन ठिकाणी ठेवल्या, निम्म्या पेटीत आणि निम्म्या आजीच्या पिशवीत. एक पिशवी हरवली तरी दुसरी असावी.

इन्सुलिनची काळजी निराळी. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअस इतक्या गारव्यात राहावी लागते. परंतु ती गोठली तर निकामी होते, मग पुन्हा वितळून काही उपयोग नाही. म्हणून शीतकपाटातही तिला बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवावयाचे. वापरात असलेली कुपी सावलीच्या जागी बाहेर राहू शकते. किती दिवस, ते तिच्यासोबतच्या कागदावर लिहिलेले असते. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत मात्र ती घटकाभरही विसरू नये. शीतकपाट बिघडल्यास काय, म्हणून पुतणीने एक मोठे मडके, त्यात ओली वाळू आणि वाळूत लहान मडके अशी जोडणी सोबत घेतली. चालक हसला. पण आपल्या आज्यांनी दूध-लोणी राखले ते ह्याच युक्तीने, आणि तिला वीज लागत नाही.

फेब्रुवारी महिन्यात एका पहाटे आम्ही निघालो. भिवंडीवरून आग्रा रोड धरला. अंतर सुमारे सहाशे किलोमीटर. चालक म्हणाला, रात्रीपर्यंत पोहोचवितो. आम्ही त्याला सांगितले की, धुळ्याला मुक्काम करावयाचा आणि दर दीड-दोन तासांनी थांबावयाचे. त्याला हे मुळीच रुचले नाही. परंतु चाकांवरच्या घराचा खरा लाभ धावण्यात नाही, थांबण्यात आहे. आगगाडी आपल्यासाठी थांबत नाही, बस क्वचित थांबते; आणि आपले वाहन असूनही आपण ते पळवीतच राहिलो, तर आजारी माणसाला घरातून उचलून पिंजऱ्यात घातल्यासारखे होते. थांबलो की मातोश्री उतरत, काठी टेकीत गाडीभोवती दोन फेऱ्या मारीत. उतरणे झाले नाही तर बिछान्यावर पडून घोटे वरखाली हलवीत. चार तासांहून अधिक एका जागी बसून राहिल्यास पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका वाढतो. म्हाताऱ्यांना, लठ्ठ माणसांना व नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांना तो अधिक.

येथे एक नाजूक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. आपल्या स्त्रिया प्रवासात पाणीच पीत नाहीत. वाटेत जावयाचे कोठे, ह्या संकोचाने त्या दिवसभर घसा कोरडा ठेवतात, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी असेल तर तीही मुकाट्याने टाळतात. मूत्रमार्गाचा दाह, चक्कर, पायांत गोळे, चढलेला रक्तदाब ही त्याची फळे. गाडीतला पडद्याआडचा तो हातभर संडास आमच्या मते सगळ्या कॅराव्हॅनचे भाडे वसूल करून देतो. मातोश्रींनी पहिल्या दिवशी प्रथमच पाण्याची बाटली न सांगता रिकामी केली.

कसारा घाटात कोणाला मळमळू नये म्हणून आडवे बिछाने सोडून सर्वजण पुढे तोंड करून बसलो आणि दूरच्या डोंगराकडे पाहत राहिलो. इगतपुरी, नाशिक, चांदवड, मालेगाव असे करीत उन्हे उतरताना धुळे आले. रात्री चालकाला सर्दी झाली. त्याने खिशातली गोळी काढली, तोच पुतणीने ती हातातून घेऊन पाहिली. सर्दीच्या कित्येक गोळ्या झोप आणतात. त्या घेऊन गाडी हाकणे हे मद्य घेऊन हाकण्याच्या खालोखाल समजावे. "काका, ही आत्ता घ्या आणि सकाळी आठपर्यंत झोपा," तिने सांगितले. तो निमूटपणे झोपला. घरच्या रुग्णाची एवढी चिंता वाहणारे लोक चालकाच्या प्रकृतीची चौकशी सहसा करीत नाहीत.

दुसऱ्या दिवशी शिरपूरच्या अलीकडे तापी ओलांडली. महाराष्ट्राची हद्द संपताना बिजासनचा घाट लागतो. तेथे एक मालमोटार आडवी झालेली, आणि पुढे-मागे वाहनांची रांग. दुपारचे साडेबारा वाजले, एक वाजला, दोन वाजत आले. मातोश्रींची सुई साडेबाराची. परंतु पुतणीचा नियम असा की, ताट पुढे आल्याशिवाय सुई नाही. सुई घेतली आणि जेवण लांबले, म्हणजे रक्तातील साखर एकाएकी उतरते. आमच्या ओट्यावर भात शिजत होता. भात आला, सुई घेतली, आणि मातोश्री घाटाकडे पाहत जेवल्या. रांगेतल्या माणसांची तगमग आम्हांला शिवलीही नाही.

आमच्या पुढच्या मोटारीत मात्र निराळाच प्रसंग उद्भवला. निमाडकडचे एक कुटुंब होते. त्यातले आजोबा घामाने निथळू लागले, हात कापू लागले, बोलणे अडखळू लागले. घरची मंडळी त्यांना वारा घालीत होती. कोणी म्हणे उन्हाचा तडाखा, कोणी म्हणे हृदयाचा झटका. पुतणी धावली. आजोबांनी सकाळी मधुमेहाची गोळी घेतली होती आणि पुढे सेंधव्याला जेवू म्हणून पोटात काही नव्हते. तिने बोटातून थेंब काढून पाहिले, साखर ४८. आजोबा शुद्धीवर होते व गिळू शकत होते, म्हणून तिने चहाचे चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, पुन्हा थोडी पाजली आणि मग आमच्यातला भात खाऊ घातला. अर्ध्या तासात आजोबांनी तिला तिचे गाव विचारले! माणूस बेशुद्ध असता तर तोंडात एक थेंबही घालावयाचा नव्हता. तो श्वासनलिकेत जातो. अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका हाच मार्ग. आजोबा सावरले तरी तिने त्यांना सेंधव्याच्या इस्पितळात दाखविण्यास बजावले, कारण त्या जातीच्या गोळीचा अंमल तासन् तास टिकतो आणि साखर पुन्हा उतरू शकते. रांग हलली तेव्हा त्यांची मोटार पुढे गेली, आणि आजोबांची सून खिडकीतून बराच वेळ हात हलवीत होती.

खलघाटला नर्मदेचा विशाल पूल. मातोश्रींनी पदर डोक्यावर घेतला. येथून उजवीकडे महेश्वर जवळ; अहिल्याबाई होळकरांची ती राजधानी. त्या बाईंनी (१७२५–१७९५) देशभरच्या यात्रामार्गांवर धर्मशाळा, विहिरी आणि घाट बांधले हे शाळेत सर्वांनीच वाचलेले असते. परंतु आजारी माणूस बरोबर घेऊन हा रस्ता कापताना त्याचा अर्थ अधिक उमगतो. सावली, चांगले पाणी आणि पाठ टेकावयास जागा. पायी चालणाऱ्याला ह्यापेक्षा अधिक औषध त्या काळी तरी कोणते होते? मानपूरचा चढ चढून महू ओलांडले, आणि दिवे लागणीला इंदूर.

मावशींच्या मठाच्या आवारात गाडी उभी करण्यास जागा मिळाली. मातोश्रींना चाकांच्या खुर्चीतून आत नेले. मावशींनी डोळे उघडून पाहिले आणि एवढेच म्हटले, "बाय, तू आलीस?" त्या रात्री दोघींच्या खोलीत आम्ही कोणीच गेलो नाही.

माळव्यात फेब्रुवारीतही रात्री गारठा असतो. मठाच्या रखवालदाराने मायेने कोळशाची पेटलेली शेगडी आणली आणि "गाडीत ठेवा, ऊब राहील," म्हणाला. पुतणीने आभार मानून ती अंगणातच ठेवविली. बंद जागेत कोळसा जळला की जो विषारी वायू निर्माण होतो, त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस जागाच होत नाही. दारे लावून इंजिन चालू ठेवून झोपणेही तितकेच घातक. त्यापेक्षा एक गोधडी जास्त बरी.

इंदूरच्या स्वच्छतेची कीर्ती सर्वांनी ऐकली आहे. २०१७ ते २०२३ असे सलग सात वर्षे देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात ते पहिले आले. रस्ते पाहून मन खरोखर प्रसन्न होते. शहराला पाणी येते ते सुमारे सत्तर किलोमीटर दूर जलूद येथून, नर्मदेचे. १९७८ पासून ते पठारावर चढविले जाते. परंतु २०२५ च्या अखेरीस ह्याच शहरातील भागीरथपुरा वस्तीत नळाच्या पाण्यात मैला मिसळला, अनेक लोक आजारी पडले आणि काही प्राणांस मुकले. झाडलेला रस्ता आणि पिण्याजोगे पाणी ह्या दोन गोष्टी वेगळ्या. कॅराव्हॅनची टाकी कोणत्याही नळावर भरली जाते, म्हणून ते पाणी धुण्यापुरतेच. पिण्याचे पाणी आम्ही उकळून निराळ्या कळशीत ठेवीत होतो. जुलाब झालेच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. हे प्रमाण मनाने वाढवू नये. मधुमेही माणसालाही जुलाबात हे द्यावे लागते, मात्र साखर तपासत राहून व डॉक्टरांना विचारून.

खाण्याच्या बाबतीत इंदूर हे मधुमेह्यांची सत्त्वपरीक्षाच होय. सकाळी पोहे आणि जिलबी, रात्री सराफ्यात सोन्याचांदीची दुकाने बंद झाली की त्यांच्याच पुढ्यात खाद्यपदार्थांची जत्रा: भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू, दहीवडे आणि बशीएवढी जिलबी. मातोश्रींना आम्ही तेथे नेले. नेऊ नये, असे काहींचे मत होते. परंतु म्हाताऱ्या माणसाला सर्व सुखांतून वगळून जगविणे ह्याला काळजी म्हणवत नाही. त्यांनी किसाची वाटी खाल्ली, जिलबीचा बोटभर तुकडा चाखला आणि उरलेली चालकाला दिली. झोपण्यापूर्वीचा आकडा वहीत आहे: १६८. फारसा वाईट नव्हे.

तिसऱ्या दिवशी देवास जिल्ह्यातील उदयनगरला जाण्याचा बेत होता. तेथे धन्य सिस्टर राणी मारिया यांची समाधी आहे. गोरगरिबांची बाजू घेतल्याबद्दल २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमध्ये त्यांची हत्या झाली आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरलाच त्यांना धन्य घोषित करण्यात आले. मावशी त्यांना ओळखत. परंतु त्या सकाळी मातोश्रींचा डावा पाय उजव्यापेक्षा अधिक सुजलेला दिसला. दोन्ही पाय सारखे सुजणे ही प्रवासात नेहमीची गोष्ट. एकच पाय सुजला व पोटरी दुखू लागली, तर मात्र शिरेत रक्त गोठल्याची शंका घ्यावी लागते. अशा पायाला चोळणे वा मालीश करणे अगदी वर्ज्य. जंगलभागाचा रस्ता, आणि वाटेत मोठे इस्पितळ नाही. मातोश्री म्हणाल्या, "इथवर आलोय, जाऊन येऊ." त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. आम्ही गाडी इस्पितळाकडे वळविली.

सुदैवाने इंदूर हे वैद्यकीय दृष्ट्या जुने व समृद्ध शहर आहे. तेथील वैद्यकीय शाळा १८७८ सालची. १९४८ मध्ये तिचे महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालय झाले. त्याला जोडलेल्या भव्य सरकारी रुग्णालयाला माणिकबागेच्या त्याच महाराज यशवंतरावांचे नाव आहे. ह्या राजाजवळ चाकांवरचे घर होते, रेल्वेचा डबा होता, युरोपात हिंडण्याइतकी संपत्ती होती. तरी त्यांची तरुण पत्नी संयोगिताराणी, कागलच्या घाटगे घराण्यातली कन्या, १९३७ साली स्वित्झर्लंडमध्ये वारली. तेव्हा तिचे वय अवघे तेवीसच्या घरात होते.

डॉप्लर तपासणी झाली. शिरा मोकळ्या होत्या. दुसऱ्या दिवशीच्या घाटातील बसण्याने व जुन्या दुखापतीने सूज आली होती. पाय उशीवर उंच ठेवून दोन दिवस विश्रांती, एवढाच उपाय. सत्तरी ओलांडलेल्यांनी एक गोष्ट करून ठेवावी: २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान योजनेत त्यांच्या वयाला उत्पन्नाची अट उरलेली नाही, आणि ते कार्ड परराज्यातील संलग्न इस्पितळातही चालते. मात्र ते दाखल होऊन घेतलेल्या उपचारापुरते आहे. आमच्यासारख्या बाहेरच्या बाहेर झालेल्या तपासणीचा खर्च खिशातूनच करावा लागला.

त्या दोन दिवसांत उदयनगर राहिले, महेश्वर राहिले, राजवाडाही गाडीतूनच पाहिला. मातोश्री मावशींच्या खोलीत आरामखुर्चीवर पाय वर करून बसल्या आणि मावशी खाटेवर. दोघी लहानपणच्या विहिरीच्या, वाडीतल्या केळीच्या आणि कोणत्याशा हरवलेल्या कर्णफुलाच्या गोष्टी बोलत होत्या. मावशींनी आपल्या सवयीने बहिणीची नाडी धरली, घड्याळात पाहून मोजली आणि पुतणीकडे वळून म्हणाल्या, "ब्याऐंशी. लिही."

परतीचा प्रवास आम्ही तीन दिवसांचा केला, आणि खलघाटला मुद्दाम दोन तास थांबलो. घरी आल्यावर वही डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी आकडे ओळीने वाचले, सराफ्याच्या रात्रीच्या आकड्यावर क्षणभर थांबले, आणि औषधाचे प्रमाण होते तेच ठेवले.